एकुलतं एक: आईला विचारायचं की मुलाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणारं जोडपं, आठ वर्षांची एकच मुलगी. तिच्या वर्गात निम्मी मुलं तरी एकुलती आहेत, त्यामुळे तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. गावी मात्र प्रत्येक उंबऱ्यावर विचारणा होते, "एकीवरच थांबलात?" आणि सासूबाईंचं ठाम मत की आमच्या वेळी असं एकटं मूल शोधून सापडलं नसतं. तर एकच मूल असणं आता नेमकं किती सर्रास झालंय?

मी लोकसंख्येच्या सर्वेक्षणांत पंचवीसहून जास्त वर्षं काढली आहेत. सुरुवातीला स्वतः प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले, मग फिरणाऱ्या मुलींना शिकवलं आणि आता त्यांनी भरून आणलेल्या आकड्यांतल्या गाठी सोडवत बसते. आधी सरळ उत्तर देते. एकावर थांबणारी जोडपी महाराष्ट्रात, विशेषतः शहरांत, नक्की वाढताहेत. पण सगळ्यात जास्त घरांचा आकडा अजून दोनच आहे. तुमच्या मुलीचा वर्ग खोटं बोलत नाही आणि गावही नाही. दोघं वेगळ्या जागी उभं राहून मोजताहेत, एवढंच.

"किती मुलं एकुलती आहेत" आणि "किती आयांना एकच मूल आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्तमानपत्रांत ते रोज एकमेकांत मिसळलेले दिसतात. एक छोटी वाडी घ्या, दहा घरांची. चार घरांत एकेक मूल, चार घरांत दोन-दोन, दोन घरांत तीन-तीन. आयांना विचारलंत तर दहातल्या चौघी एकावर थांबल्या, म्हणजे ४० टक्के. आता वाडीतली सगळी पोरं देवळासमोर गोळा करा. ४, ८ आणि ६ मिळून १८ भरतात, आणि त्यांत एकुलती चारच. म्हणजे २२ टक्के. वाडी तीच, दिवस तोच, फक्त विचारलं कुणाला ते बदललं. मोठ्या घरातून जास्त मुलं येतात, म्हणून मुलांच्या घोळक्यात एकुलतं मूल नेहमी कमीच दिसणार.

जपानचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. जन्मदर इतका खाली गेलेला देश, म्हणजे तिथे सगळी एकुलतीच असतील, असा आपला समज. २०२१ च्या त्यांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, लग्नाला पंधरा ते एकोणीस वर्षं झालेल्या जोडप्यांपैकी साधारण २० टक्क्यांना एकच मूल होतं, ५१ टक्क्यांना दोन आणि १९ टक्क्यांना तीन. जोडप्यामागे सरासरी १.९ मुलं. यावरून मुलांच्या बाजूने हिशेब केला तर या घरांतल्या दहा मुलांमागे एकुलतं मूल जेमतेम एक निघतं. मग जन्मदर एवढा खाली का? कारण तिथे लग्न न करणारे पुष्कळ आहेत आणि लग्नाबाहेर मुलं फारशी होत नाहीत. ज्यांनी लग्न केलं त्यांतली निम्मी जोडपी दोन मुलांपर्यंत पोचलेली आहेत.

अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या आयांमध्ये एकच मूल असणाऱ्या १९७६ साली ११ टक्के होत्या, २०१५ च्या सुमारास त्या दुप्पट, २२ टक्के झाल्या. पण त्याहून मोठी उलथापालथ दुसऱ्या टोकाला झाली. १९७६ मध्ये चार किंवा जास्त मुलं असलेल्या आया ४० टक्के होत्या, त्या १४ वर आल्या. "एकुलती मुलं वाढली" असं आपण म्हणतो तेव्हा निम्मी गोष्ट मोठी कुटुंबं आटल्याची असते. गर्दी ओसरली की कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसायला लागतो, तसं.

दुसरी मेख वेळेची. युरोपीय संघात मुलं असलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत एकच मूल आहे, असा आकडा तुम्ही वाचला असेल. आकडा खरा आहे, पण त्यावरून निम्मी मुलं एकुलती ठरत नाहीत. त्या घरांत जिचं दुसरं अजून व्हायचंय अशी आई आहे, आणि जिचा थोरला शिकायला बाहेर गेला म्हणून घरी एकच उरलंय अशीही आहे. म्हणून आम्ही चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांकडे बघतो. त्यांचा पाळणा बहुतेक थांबलेला असतो. तेविशीतल्या आईला "एकच मूल" या खान्यात टाकणं म्हणजे मॅच चालू असताना निकाल छापणं. आपल्याकडे दोन बाळंतपणांत साधारण तीन वर्षांचं अंतर असतं. त्यामुळे बालवाडीतल्या वर्गात एकटी दिसणारी पुष्कळ मुलं एकुलती नसतात, ती फक्त पहिली असतात. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे तिच्या वर्गातली बरीचशी खरोखरच एकुलती असणार. आणि तसं असेल तर एक गंमत पाहा. वर्गात निम्मी मुलं एकुलती आणि उरलेली दोन-दोनच्या घरांतली असतील, तर अशा शंभर मुलांमागे ५० घरं एकाची आणि २५ घरं दोनाची. म्हणजे त्या शाळेत मुलं पाठवणाऱ्या वस्तीतली दोन तृतीयांश घरं एकावर थांबलेली. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षाही तुमच्या भोवती ते जास्त सर्रास आहे!

पण ती शाळा म्हणजे महाराष्ट्र नव्हे. फी भरू शकणारे, दोघंही नोकरी करणारे, उशिरा लग्न झालेले पालक एका इमारतीत गोळा झाले की चित्र असंच दिसणार.

आता राज्याचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज, २.९ होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो १.७ झाला. गोव्यात १.३, सिक्कीममध्ये १.१, बिहारमध्ये ३. देशाची सरासरी २, त्यात शहरं १.६ आणि खेडी २.१. गोव्याचा १.३ ऐकून लोक लगेच म्हणतात, म्हणजे तिथे जवळजवळ सगळ्यांना एकच. तसं नसतं. ही एका काळातली सरासरी आहे. त्यात लग्न न झालेल्या आल्या, मूल नसलेल्या आल्या, मूल लांबणीवर टाकलेल्याही आल्या.

तरी १.७ चा अर्थ हातात येण्यासाठी एक हिशेब मांडते. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, सर्वेक्षणातला आकडा नव्हे. शंभर बायकांपैकी ८ जणींना मूल नाही, ३० जणींना एक, ४७ जणींना दोन, १५ जणींना तीन. बेरीज १६९, म्हणजे सरासरी १.७ च्या आसपास. मुलं झालेल्या बायकांत एकावर थांबलेली जवळपास दर तिसरी, आणि मुलांमध्ये एकुलतं साधारण सहांतलं एक. आजचा दर असाच टिकला तर पुढच्या पिढीचं चित्र या आसपास असेल. आज पन्नाशीला टेकलेल्या बायकांचं असं नाही, त्यांच्या घरांत मुलं यापेक्षा जास्त आहेत. गावचे लोक अचंब्याने विचारतात ते त्याचमुळे. त्यांच्या डोळ्यांसमोर मागची पिढी आहे.

सासूबाईंच्या मुद्द्याकडे मात्र मला जरा सावकाश यायचंय. "आमच्या वेळी एकटं मूल नव्हतं" हे पूर्ण खरं नाही. एकुलते एक तेव्हाही होते, फक्त त्यांच्या मागची गोष्ट वेगळी होती. जुन्या शाळेचं हजेरीपुस्तक कधी चाळायला मिळालं तर त्यातली नावं बघा. दगडू, धोंडू, भिकू, केरबा, उकिरडा. आधीची मुलं गेली म्हणून या मुलाला दृष्ट लागू नये, यमाला तो केरासारखा वाटावा, यासाठी ठेवलेली नावं. दोन गेली, तिसरं राहिलं. चार गेली, पाचवा नवसाचा. त्या पोराला सगळं गाव एकुलता एकच म्हणायचं, पण त्याच्या आईची बाळंतपणं सहा झालेली असायची.

म्हणून आमच्या प्रश्नावलीत "मुलं किती" असा एकच प्रश्न कधीच नसतो. तुमच्याजवळ राहणारी मुलं, बाहेर राहणारी मुलं, जन्मून नंतर गेलेली मुलं, असं वेगवेगळं विचारावं लागतं. आणि बाई "कुणी गेलं नाही" म्हणाली तरी पुन्हा एकदा विचारायचं: जन्मल्यावर रडलं, हालचाल केली, पण जगलं नाही, असं कुणी? नव्या मुलींना हा प्रश्न विचारताना जड जातं. मी त्यांना सांगते, प्रश्न विचारून झाला की पेन खाली ठेवा. एका बाईंनी "मला एकच" असं तीनदा सांगितलं, आणि या प्रश्नावर दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, "तशी तीन झाली होती." नवरा शेजारी बसलेला, त्याने मान वर केली नाही. आमच्या कागदावर ते घर "एक" वरून "तीन" वर गेलं. पहिल्या फेरीच्या वेळी देशात हजारी १०९ मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती, पाचव्या फेरीत ती ४२ वर आली. आजचं एकुलतं मूल बहुधा पहिलं आणि शेवटचं असतं. जुनं एकुलतं मूल बहुधा उरलेलं असायचं. शब्द तोच राहिला म्हणून आपण दोघांना एकाच रांगेत बसवतो.

भाषेमुळे आणखी एक घोळ होतो. मराठीत भाऊ म्हणजे भाऊ, मग तो चुलत असो की मावस. तरुण पोरांना "भावंडं किती" विचारलं की "आम्ही सात जण" असं उत्तर येतं आणि सख्खं कुणीच नसतं. म्हणून "सख्खे" या शब्दावर जोर द्यायला आम्ही पढवतो. तरी एखादा रागावतोच: "ताई, चुलत काय नि सख्खं काय, एकाच ताटात जेवलोय."

आता थांबण्याचा निर्णय. इथे आपल्या सरकारने शिकवलेला आकडा दोन हा आहे. लाल त्रिकोण आला तेव्हा भिंतींवर "दोन किंवा तीन, पुरे" अशा अर्थाच्या घोषणा होत्या, मग "हम दो हमारे दो" आलं. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही हीच अट लागली. म्हणजे कायद्याने तिसऱ्याला अडवलं, दुसऱ्याला कधीच नाही. एकावर थांबणं ही गोष्ट लोकांनी आपापल्या घरी ठरवलेली आहे. याच्या उलट चीन. तिथे १९८० पासून २०१५ पर्यंत एकाच मुलाचं धोरण होतं, आणि तरी तिथलीही सगळी मुलं एकुलती नाहीत. बऱ्याच ग्रामीण भागांत १९८४ नंतर पहिली मुलगी असेल तर दुसऱ्याची परवानगी मिळू लागली, काही अल्पसंख्याक समाजांना जास्त सूट होती. एकुलत्यांची दाटी झाली ती मुख्यतः शहरांत.

"पहिली मुलगी असेल तर" हे तीन-चार शब्द आपल्याकडे कायद्यात नाहीत, मनात आहेत. पहिला मुलगा झाला की "झालं, आता बास" म्हणणं सोपं. पहिली मुलगी झाली की "एक चान्स घ्या" सांगणारे चार जण भेटतात. यातून काय होतं, तर एकुलत्यांमध्ये मुलगे जास्त भरतात आणि मुलींना पाठीवर भावंड असण्याची शक्यता वाढते. यात गर्भलिंगनिदानाचा हात असलाच पाहिजे असं नाही, नुसतं कधी थांबायचं यावरूनसुद्धा असं होतं. तो हात जिथे असतो तिथे वेगळा दिसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. म्हणून एकुलत्या मुलीसाठी मुद्दाम योजना आहेत. २०२३ पर्यंत चाललेल्या माझी कन्या भाग्यश्री योजनेत एका मुलीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर तिच्या नावे ५० हजार रुपये ठेवण्याची तरतूद होती. सीबीएसई एकुलत्या मुलींना शिष्यवृत्ती देते. पीएच.डी. करणाऱ्या एकुलत्या मुलींसाठी सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाने यूजीसीची फेलोशिप आहे. एकुलत्या मुलासाठी अशी योजना मी पाहिलेली नाही, आणि तिची कुणाला गरजही वाटलेली नाही.

लोक एकावर का थांबतात, याचं चटकन सुचणारं उत्तर म्हणजे "बायका नोकरी करतात म्हणून". अलका बसू आणि सोनाल्डे देसाई यांनी भारतातल्या एका मुलाच्या कुटुंबांचा अभ्यास केला, त्यात हे उत्तर टिकलं नाही. या घरांतल्या बायका इतरांपेक्षा जास्त नोकऱ्या करतात किंवा ही जोडपी स्वतःवर जास्त खर्च करतात असं दिसलं नाही. फरक दिसला तो मुलावरच्या गुंतवणुकीत: खासगी शाळा, शिकवण्या, इंग्रजी. माझा दारोदारचा अनुभवही हाच आहे. "दुसऱ्याला हेच देता आलं नसतं" हे वाक्य मी डोंबिवलीत ऐकलंय, इचलकरंजीत ऐकलंय. अर्थात सगळ्यांनी ठरवलेलं असतं असंही नाही. पहिल्यानंतर दिवस न राहणं, गर्भपात, नवऱ्याचं आजारपण, घटस्फोट, यांतून एकावर राहिलेली घरं पुष्कळ आहेत. "का थांबलात" असं विचारणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. आम्हालासुद्धा तो प्रश्न अगदी शेवटाकडे, ओळख झाल्यावर विचारायला शिकवतात.

एकुलती मुलं हट्टी, आत्मकेंद्री होतात, यावर फार लिहीत नाही. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी १९८६ साली ११५ अभ्यास एकत्र करून तपासले. स्वभाव, मिळूनमिसळून राहणं, यांत भावंडं असलेल्यांपेक्षा ही मुलं कुठे मागे दिसली नाहीत. शिकण्याच्या जिद्दीत किंचित पुढेच होती.

बदल जर कुठे होणार असेल तर तो माझ्या मते नात्यांच्या शब्दांत. आईवडील दोघंही तीन-तीन भावंडांतले असतील तर मुलाला काका, आत्या, मामा, मावशी मिळून चौघं असतात. त्या चौघांना दोन-दोन मुलं झाली की आठ चुलत-आते-मामे-मावस भावंडं. आता आईवडिलांना एकेकच भावंड धरा आणि त्या दोघांना एकेक मूल. आठची झाली दोन. आणि दोन एकुलत्यांनी लग्न केलं तर त्यांच्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. चारही शब्द त्याला गोष्टीतच भेटणार. एका मुलाने सख्खं भावंड जातं, दोन पिढ्या ओळीने एकेक झाल्या की चुलत-मावस भावंडंही जातात. तुमच्या मुलीला काका किंवा मामा असेल तर ती या हिशेबात अजून वरच्या पायरीवर आहे.

लग्नात हे फार ठसठशीत दिसतं. मंगलाष्टकांआधी गुरुजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. मामाच नसेल तर? कान पिळायला भाऊ नसेल तर? बहीण नसेल तर करवली कोण? मी गेल्या काही वर्षांत पाहिलंय, आईचा मावसभाऊ मामा होतो, कॉलेजातली मैत्रीण करवली होते, आणि सोसायटीतला शेजारचा मुलगा नवरदेवाचा कान पिळून पाकीट घेतो. गुरुजींनी कधी हरकत घेतलेली पाहिली नाही. एका गुरुजींनी तर स्वतःच विचारलं होतं, "मामा आहेत की ठरवलेत?"

तेव्हा गावी कुणी विचारलं तर आकडा सांगायचा असेल तर असा सांगा: आमच्या शहरी वस्तीत निम्म्याहून जास्त घरं एकावर थांबलेली असतील, सगळ्या महाराष्ट्रात मात्र सगळ्यात जास्त घरांत अजून दोन आहेत. आणि सासूबाईंशी एकदा निवांत बसून त्यांच्या आईची बाळंतपणं किती झाली होती ते विचारा. जिवंत राहिलेली भावंडं त्या लगेच मोजतील. मग जरा थांबा. आमच्या अनुभवात पुढचं उत्तर यायला वेळ लागतो.